मऊ कॉलर घातल्यावरही मान वळते, मग ती करते तरी काय?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: झटका बसून मान लचकली. डॉक्टरांनी तपासून हाड मोडलेलं नाही असं सांगितलं आणि फोमची मऊ कॉलर दिली. ती लावूनही मान दोन्ही बाजूंना बऱ्यापैकी वळते, खालीही जाते. मग कॉलर सैल बसली आहे का? घट्ट करायची का? कडक कॉलर घेतलेली बरी का? आणि किती दिवस घालायची?

कॉलर सैल नाही. मऊ कॉलरमध्ये मान वळतेच, कितीही नीट लावली तरी. घट्ट केल्याने मान जास्त थांबत नाही, फक्त गळा आवळला जातो. हाड आणि मणके बांधून ठेवणारे अस्थिबंध सुखरूप असतील तर मान पूर्ण थांबवायची गरजही नसते, म्हणून कडक कॉलर नको. आणि दिवसांचं म्हणाल तर साध्या लचकीला दोन-तीन दिवस पुरेत, तेही दिवसभर नव्हे. आता यामागची कारणं. ती कळली की कॉलर कधी घालायची आणि कधी काढून ठेवायची हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

आधी आकडे बघू. १९७७ साली जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना वेगवेगळ्या कॉलर लावून मानेची हालचाल मोजली होती. त्यातले आकडे आजही या विषयाचा पाया मानले जातात. मऊ कॉलरने मान पुढे-मागे करण्याची हालचाल साधारण २६ टक्के कमी झाली, डावी-उजवीकडे वळवण्याची १७ टक्के आणि कान खांद्याकडे झुकवण्याची जेमतेम ८ टक्के. हनुवटी आणि डोक्याची मागची बाजू दोन्ही धरणाऱ्या फिलाडेल्फिया कॉलरने हेच आकडे अनुक्रमे ७१, ५६ आणि ३४ टक्के आले. कवटीत स्क्रू बसवून छातीच्या जॅकेटला जोडतात त्या हेलोने मात्र तिन्ही हालचाली ९६ ते ९९ टक्के थांबल्या. म्हणजे मान खऱ्या अर्थाने जखडायची असेल तर कवटीलाच धरावं लागतं. त्याखालचं प्रत्येक साधन मान थोडीफार मोकळी सोडतं आणि मऊ कॉलर सगळ्यांत जास्त मोकळी सोडते.

हे अंशांत मांडलं की जास्त स्पष्ट होतं. तरुण निरोगी मान एका बाजूला साधारण ८० अंश वळते. त्यातले १७ टक्के वजा केले तर ६६ अंश उरतात. पुढे आणि मागे मिळून साधारण १२० अंश धरले तर कॉलर घालून ८९ अंश शिल्लक राहतात. वय वाढलं की मुळातच हालचाल कमी होते, त्यामुळे प्रत्येकाचे आकडे वेगळे येतील, पण प्रमाण साधारण हेच. ६६ अंश मान वळत असेल तर आरशात बघून ती ‘सगळीच’ वळते असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

फोम मान का थांबवू शकत नाही, हे मानेच्या रचनेत आहे. डोकं साडेचार-पाच किलोचं. ते सात मणक्यांवर तोललेलं असतं. मान वळवण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या पहिल्या आणि दुसऱ्या मणक्याच्या सांध्याचा. हा सांधा कानाच्या खालच्या पातळीवर, कवटीला अगदी लागून असतो. कॉलर बसते त्याच्या खाली. ती गोल असल्याने डोकं तिच्यावर बरणीच्या झाकणासारखं फिरतं. ते फिरण्याला अडवणारं काहीच नसतं. मान डोलावण्याची हालचाल कवटी आणि पहिल्या मणक्यामध्ये होते, तीही कॉलरच्या वरच. बाजूला झुकताना फोमची वरची कड जबड्याखाली दबते आणि खालची कड खांद्याच्या मऊ स्नायूत रुतते. दोन्ही टोकं मऊ असल्यावर मधला फोम कशाच्या आधारावर रोखून धरणार? एखादी गोष्ट स्थिर करायची तर वर आणि खाली दोन्हीकडे पक्की पकड हवी. मऊ कॉलरला वर जबड्याची मऊ कातडी मिळते आणि खाली खांद्याचे मऊ स्नायू. त्यातल्या त्यात हनुवटी सरळ खाली येते तेव्हा फोम दाबला जाऊन थोडा विरोध होतो. पुढे-मागेचा आकडा तिघांत मोठा आहे तो यामुळे.

अजून एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. हनुवटी फोमवर टेकली आणि तरीही माणसाने खाली बघायचा प्रयत्न केला की डोकं हनुवटीवर टेकून कलतं: वरचे मणके एका दिशेला, खालचे दुसऱ्या दिशेला. मान सापासारखी वळसा घेते. बाहेरून मोजलं तर डोकं फार हललेलं नसतं, आत मणके मात्र हललेले असतात. त्यामुळे ‘डोकं थांबलं म्हणजे मणका थांबला’ असं धरून चालता येत नाही. हे कडक कॉलरलाही लागू आहे. अस्थिर मणक्याच्या बाबतीत साध्या कॉलरवर विसंबून राहणं धोक्याचं ठरतं ते याच कारणाने.

मग फोमचा उपयोग काय? उपयोग आहे, पण तो वेगळ्याच वाटेने होतो. एक साधी गोष्ट करून बघा. कॉलर घालून खुर्चीत बसा आणि कुणाला तरी मागून, बाजूने हाक मारायला सांगा. मान १५-२० अंश वळताच जबड्याची कड फोमला घासते आणि तुम्हाला कळायच्या आत खांदे आणि कंबर वळायला लागतात. बाकीचं वळणं धडाने केलेलं असतं. फोमने मान अडवलेली नसते. त्याने कातडीला स्पर्श करून आठवण दिलेली असते आणि शरीराने दुसरा मार्ग निवडलेला असतो.

मोजमापातही हा फरक दिसतो. ‘जमेल तेवढी मान वळवा’ असं सांगून मोजलं तर मऊ आणि कडक कॉलरमध्ये जमीन-अस्मानाचा फरक निघतो. पण २०१० साली मिलर आणि सहकाऱ्यांनी रोजच्या पंधरा कामांत मान किती हलते ते मोजलं, तेव्हा दोन्ही कॉलरमध्ये हालचाल साधारण सारखीच कमी झालेली आढळली. कारण उघड आहे. रोजच्या बहुतेक कामांत आपण मानेच्या पूर्ण क्षमतेचा थोडाच भाग वापरतो. त्या मर्यादेत आठवण पुरते, अडवणुकीची गरज पडत नाही. लचकलेल्या मानेला नेमकं हेच हवं असतं: झटक्याने, नकळत, टोकापर्यंत जाणारी हालचाल टळावी आणि बेताची हालचाल चालू राहावी. या हिशेबाने तुमची मान कॉलरमध्ये वळते हा दोष नाही, ती तशी वळायलाच हवी.

याशिवाय फोममुळे मानेला ऊब मिळते. टेकून बसल्यावर डोक्याचा थोडा भार हनुवटीवाटे फोमवर जातो आणि मागचे स्नायू जरा सैल पडतात. समोरच्यालाही दिसतं की या माणसाला धक्का द्यायचा नाही, मागून खांद्यावर थाप मारायची नाही. गर्दीत याचा खरोखर उपयोग होतो.

तुमच्या मानेवर कॉलर किती परिणाम करते ते घरी मोजता येतं. डॉक्टरांनी हाड ठीक असल्याचं सांगितलेलं असेल तरच हे करा, आणि दुखायला लागेल तिथे थांबा. शिवणकामाची टेप लागेल. पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून ताठ बसा. मोजणारा माणूस दुसरा असावा, स्वतःचं स्वतः मोजायला गेलं की मान हलते आणि आकडा बिघडतो. पुढे वाकण्यासाठी हनुवटीच्या टोकापासून छातीच्या हाडाच्या वरच्या खाचेपर्यंतचं अंतर घ्या: आधी सरळ बसून, मग मान वाकवून. वळण्यासाठी हनुवटीच्या टोकापासून त्याच बाजूच्या खांद्याच्या टोकाला असलेल्या हाडापर्यंतचं अंतर. झुकण्यासाठी कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा आणि खांद्याचं टोक. प्रत्येक हालचाल तीनदा करून सरासरी काढा. आधी कॉलरशिवाय, मग कॉलर लावून. एक सेंटिमीटरपर्यंतच्या फरकाला महत्त्व देऊ नका, तेवढी चूक टेप धरण्यातच होते. मोबाइलमधलं कोन मोजणारं अ‍ॅप डोक्यावर आडवं धरून पुढे-मागेचे आणि बाजूचे अंश मोजता येतात. वळण्याचे अंश मात्र बसलेल्या स्थितीत त्यावर भरवशाचे येत नाहीत, कारण ते उपकरण गुरुत्वाकर्षणाच्या आधारावर कोन ओळखतं. वळणं टेपनेच मोजा.

या मोजणीत तीन चुका ठरलेल्या. मान वाकवताना तोंड उघडतं आणि हनुवटी छातीजवळ आल्यासारखी दिसते. दात मिटलेलेच हवेत. वळताना विरुद्ध खांदा पुढे येतो. तो मागून हलका धरून ठेवावा. झुकताना कान खांद्याकडे जाण्याऐवजी खांदाच कानाकडे उचलला जातो. या तिन्ही सांभाळल्या तर कॉलरने झुकणं जवळजवळ तेवढंच राहिलेलं आणि वाकणं सगळ्यांत जास्त कमी झालेलं दिसेल.

आता मापाकडे येतो. माझ्या मते मऊ कॉलरच्या बाबतीत सगळ्यांत जास्त गफलत इथे होते आणि सगळ्यांत कमी लक्ष इथेच दिलं जातं. लहान, मध्यम, मोठी ही मापं बहुधा गळ्याच्या घेरावर ठरलेली असतात. मानेची स्थिती मात्र कॉलरच्या उंचीवर ठरते. ठेंगण्या, भरल्या मानेच्या माणसाला घेराने मोठी कॉलर बसते, पण तिची उंची त्याला जास्त होते आणि हनुवटी वर ढकलली जाते. लांब, बारीक मानेच्या माणसाचं उलट होतं.

उंची अशी मोजा. ताठ बसा, नजर समोर, हनुवटी ना वर ना खाली. हनुवटीच्या खालच्या कडेपासून छातीच्या हाडाच्या वरच्या खाचेपर्यंतचं सरळ अंतर घ्या. कॉलरचा समोरचा खळगा असलेला भाग तेवढा किंवा किंचित कमी उंच हवा, कारण फोम थोडा दबतो. बाजारातल्या कॉलर साधारण ६ ते १० सेंटिमीटर उंचीच्या असतात. घेर मानेच्या मध्यावर घ्या, टेप कातडीला टेकेल एवढीच, आवळून नाही.

लावताना आरशासमोर बसा. खळगा हनुवटीखाली, मध्यावर. दोन्ही टोकं मागे नेऊन वेल्क्रो लावा. टोकं एकमेकांवर थोडी चढली पाहिजेत, नुसती टेकून चालणार नाहीत. मग तीन गोष्टी तपासा. कॉलर आणि मान यांमध्ये दोन बोटं आरामात जायला हवीत. पाण्याचा घोट घेताना गळ्यावर दाब जाणवायला नको. आणि कुणाला तरी बाजूने बघायला सांगा: कान खांद्याच्या रेषेत आणि नजर समांतर असावी. डोकं मागे कललेलं दिसलं तर कॉलर उंच आहे. हनुवटी फोमला टेकतच नसेल तर बुटकी आहे. ती आठवणही देणार नाही. फोम कापून उंची कमी करायला जाऊ नका. कापलेली कड जबड्याखाली टोचते आणि आवरणाची शिवण उसवते. दुसऱ्या उंचीची कॉलर घ्या.

कॉलर शर्टाच्या कॉलरवर लावू नये. कापडाच्या घड्या एका जागी दाब देतात आणि फोम तिरका बसतो. कातडी नाजूक असेल किंवा घाम येत असेल तर आत पातळ सुती कापडाचा एकच, सपाट थर ठेवा.

आता हातात येणाऱ्या कळांविषयी, कारण तिथे हीच कॉलर वेगळ्या विचाराने लावली जाते. मणक्यांमधून हाताकडे जाणारी शीर (म्हणजे मज्जातंतू) ज्या छिद्रातून बाहेर पडते ते छिद्र मान मागे नेल्यावर आणि त्याच बाजूला झुकवल्यावर अरुंद होतं, तर मान किंचित पुढे झुकवली की मोकळं होतं. म्हणून शीर दबल्यामुळे हात दुखत असेल, मुंग्या येत असतील, तर मान मागे ढकलणारी उंच कॉलर त्रास वाढवते. ‘कॉलर लावली की हात जास्त दुखतो’ ही तक्रार ऐकली की आधी समोरची उंची बघावी. अशा वेळी बुटकी कॉलर घेतात, किंवा समोर खळगा असूनही हनुवटी वर जात असेल तर कॉलरचा सगळ्यांत अरुंद भाग समोर येईल अशी फिरवून लावतात, म्हणजे मान किंचित पुढे राहते. वेल्क्रोचं टोक गळ्याला टोचणार नाही एवढं बघा. बदल केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत हाताची कळ कमी झाली, तशीच राहिली की बोटांकडे पसरली, यावरून दिशा बरोबर आहे का ते कळतं. कळ बोटांकडून खांद्याकडे सरकत कमी होणं हे चांगलं लक्षण, बोटांकडे उतरत जाणं हे वाईट.

याच दुखण्यात कॉलरचा फायदा दाखवणारा एक चांगला अभ्यास आहे. २००९ साली कुइपर आणि सहकाऱ्यांनी, शीर दबण्याचा त्रास नव्याने सुरू झालेल्या रुग्णांना तीन वाटांवर टाकलं: काहींना कॉलर आणि विश्रांती, काहींना व्यायाम, काहींना नुसतं थांबून बघायला सांगितलं. पहिल्या सहा आठवड्यांत कॉलरवाल्यांचं आणि व्यायामवाल्यांचं हाताचं दुखणं थांबून बघणाऱ्यांपेक्षा लवकर कमी झालं. पण दोन गोष्टी विसरू नका. ती कॉलर मऊ फोमची नव्हती, अर्धकडक होती. आणि ती तीन आठवडे वापरून पुढच्या तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने सोडवली गेली होती. साध्या मानदुखीला हा निष्कर्ष लावता येत नाही.

झटक्याने लचकलेल्या मानेचं वेगळं. १९९५ साली कॅनडातल्या क्विबेक प्रांताच्या कार्यगटाने अशा दुखापतींवरचा अहवाल दिला. तेव्हापासूनचा सल्ला असा की दुखापत सौम्य असेल तर कॉलर नकोच, आणि दिलीच तर ७२ तासांच्या पुढे नको. शक्य तितक्या लवकर रोजचे व्यवहार सुरू करावेत. कारण कॉलर घालून बसल्याने बरं होण्याचा वेग वाढत नाही. उलट मानेच्या पुढच्या बाजूला, मणक्यांना चिकटून असलेले खोलवरचे बारीक स्नायू दुखण्यामुळे आधीच सुस्तावलेले असतात. कॉलरने त्यांचं उरलंसुरलं कामही जातं. सांधे आखडतात. डोकं कुठल्या कोनात आहे हे मेंदूला कळवणारी मानेची जाणीव बोथट होते. आणि मनात बसतं की कॉलर काढली की काहीतरी होईल. हे शेवटचं सगळ्यांत चिवट. मान बरी झाल्यावरही महिनोन्‌महिने कॉलर घालणाऱ्या माणसांच्या बाबतीत अनेकदा कॉलर नसण्याची भीती हेच दुखणं होऊन बसलेलं असतं.

प्रत्यक्षात वापर असा ठेवा. पहिला दिवस: जिथे धक्के बसतात किंवा मान अवघडते, तिथे घाला. म्हणजे प्रवासात मागच्या सीटवर बसून, गर्दीत, उभं राहून काम करताना. एका वेळी एक-दोन तास, मग काढायची. काढल्यावर टेकून बसा आणि मान हळूहळू डावीकडे-उजवीकडे वळवा, दुखण्याच्या अलीकडेपर्यंत, दर बाजूला पाच-सात वेळा. जागेपणी दर एक-दोन तासांनी एवढं पुरेसं आहे. दुसरा दिवस: घरात कॉलर नाही, फक्त बाहेर. तिसरा दिवस: फक्त प्रवासात. चौथ्या दिवशी कपाटात. चौथ्या दिवशी दुखणं शून्यावर आलेलं नसेल, तेवढ्यासाठी कॉलर लांबवू नका. सकाळी उठल्यावर थोडं आखडलेलं असणं आणि हालचालीने सैल होणं हा बरं होण्याचा नेहमीचा क्रम आहे.

खोल स्नायूंसाठी एक व्यायाम दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सुरू करता येतो. पाठीवर झोपा, डोक्याखाली पातळ घडी. हनुवटी एक सेंटिमीटर आत घ्या, ‘हो’ म्हणताना जेवढी किंचित डोलावतो तेवढीच. डोकं उचलायचं नाही. गळ्यावर बोटं ठेवा. बाजूचे जाड दोरखंडासारखे स्नायू ताठ झाले तर जोर जास्त लागतोय, कमी करा. दहा सेकंद धरा, सोडा, असं दहा वेळा, दिवसातून दोनदा. हलका वाटतो, म्हणून लोक जोर वाढवतात आणि व्यायाम वाया जातो.

झोपताना मऊ कॉलर बहुतेकांना नको. कुशीवर वळल्यावर ती वर सरकते आणि जबडा ढकलते, मागचा वेल्क्रो टोचतो. उशीची उंची नीट केली तर जास्त फायदा: कुशीवर झोपल्यावर नाक छातीच्या मध्यरेषेत येईल एवढी. शीर दबल्यामुळे रात्री हाताच्या कळेने जाग येत असेल आणि डॉक्टरांनी मुद्दाम रात्रीसाठी सांगितली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा उशी पातळ करा, कारण मागच्या फोमने डोकं आधीच उचललं जातं.

दोन ठिकाणी मऊ कॉलर खरोखर अपघात घडवू शकते. पहिलं, वाहन चालवणं. कॉलर घालून मान ६०-६५ अंश वळेलही, पण आठवणीच्या सवयीने ती वळवली जात नाही आणि पट्ट्याने बांधलेलं धड पुरेसं फिरत नाही. बाजूचा आंधळा कोपरा बघायचा राहतो. कॉलर लागण्याइतकी मान दुखत असेल तर गाडी चालवू नका. दुसरं, जिना. उतरताना पायऱ्या बघायला मान वाकवावी लागते, हनुवटी फोमवर टेकते आणि पावलं दिसेनाशी होतात. दुहेरी नंबरचा चष्मा असेल तर खालच्या काचेतून पायरी आणखी धूसर दिसते. वयस्कर माणसाने कॉलर घालून जिना उतरूच नये. उतरावं लागलं तर कठड्याला हात आणि एका वेळी एक पायरी, दोन्ही पाय टेकवून. कॉलर काढून उतरणं त्याहून चांगलं.

जेवताना काढून ठेवा. घास चावताना जबडा फोमवर आपटत राहतो, चावणं अर्धवट होतं आणि मान मागे कललेल्या स्थितीत ठसका लागतो.

फोम दमतोही. कॉलर टेबलावर ठेवून हनुवटीच्या जागी अंगठ्याने दाबून सोडा. खड्डा लगेच भरून आला तर ठीक. खळगा तसाच बसका राहत असेल तर उंची गेली, आता ती मफलरपेक्षा जास्त काही करत नाही. दुसऱ्याची वापरलेली कॉलर आणून घालणाऱ्यांच्या बाबतीत हे हमखास सापडतं. आवरण निघत असेल तर तेवढंच धुवा. फोम धुवावा लागलाच तर कोमट पाणी आणि सौम्य साबण, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबून सावलीत सपाट वाळवायचं. उन्हात किंवा हीटरजवळ फोम ठिसूळ होतो. ओलसर कॉलर घातली की जबड्याखाली आणि मानेमागे पुरळ येतं.

चक्कर येते म्हणून कॉलर लावणाऱ्यांसाठी इथे मुद्दाम लिहितो. अंथरुणात कूस बदलताना किंवा वर बघताना काही सेकंद सगळं फिरतं, ही चक्कर बहुधा कानातल्या तोलाच्या अवयवात कण सरकल्याने येते. तिचा इलाज डोकं ठरावीक क्रमाने फिरवून ते कण जागेवर आणणं हा आहे. आतल्या कानाच्या इतर त्रासांतही मेंदूला नव्याने जुळवून घ्यायला डोक्याची हालचाल लागते. कॉलरने तीच कमी होते आणि चक्कर रेंगाळते. मानेच्या एक्स-रेमध्ये वयोमानाने झालेली झीज दिसली, म्हणून चक्कर तिच्यामुळेच येते असं होत नाही. तशी झीज काहीही त्रास नसलेल्या अनेकांच्या एक्स-रेमध्ये दिसते.

जिथे मऊ कॉलरवर एक क्षणही विसंबायचं नाही अशा गोष्टी आता. पडल्यावर किंवा अपघातानंतर मणक्याच्या मधोमध हाडावर दाबलं की दुखतं, हातापायांत मुंग्या किंवा बधिरपणा आहे, मान दोन्ही बाजूंना ४५ अंशही वळवता येत नाही, किंवा माणूस ६५ वर्षांवरचा आहे: आधी तपासणी आणि गरज असेल तर एक्स-रे, कॉलर नंतर. अपघाताच्या जागी मऊ कॉलर लावून माणसाला उठवून बसवणं चुकीचं. ती मान धरत नाही आणि बघणाऱ्याला मात्र धरल्यासारखं वाटतं. त्याला आहे तसं स्थिर ठेवून मदत बोलावणं जास्त सुरक्षित.

जुना संधिवात, म्हणजे बोटांचे सांधे सुजवणारा र्‍हुमॅटॉइड प्रकार, असणाऱ्यांत पहिल्या-दुसऱ्या मणक्याला बांधणारा अस्थिबंध सैल पडलेला असू शकतो. तिथला मणका पुढे सरकणं फोमने थांबत नाही. डाउन सिंड्रोम असलेल्यांतही हीच काळजी. बटणं लावणं, अक्षर काढणं, किल्ली फिरवणं अवघड होत चाललंय, चालताना पाय अडखळतात किंवा जड वाटतात, लघवीवरचा ताबा बदललाय, ही लक्षणं मज्जारज्जूवर दाब येत असल्याची आहेत. त्यांना कॉलर हा इलाज नाही, तातडीने तज्ज्ञांकडे जायला हवं. मान एकदम, कधी नव्हे इतकी दुखायला लागून सोबत बोलणं अडखळणं, एक डोळा अर्धवट मिटणं, तोल जाणं, गिळता न येणं यातलं काहीही झालं तर मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झालेली असू शकते. तिथे मिनिटं मोजायची असतात. ताप, कारण नसताना घटलेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारी सततची मानदुखी, आधी झालेला कर्करोग, हेही कॉलरने झाकून ठेवायचे विषय नव्हेत.

तुमच्या बाबतीत, हाड ठीक आहे आणि हातात काही त्रास नाही असं धरून: कॉलरची उंची आज आरशात तपासा, जास्त असेल तर बदला. तीन दिवसांचा वर दिलेला क्रम पाळा. टेपने मोजलेलं हनुवटी ते खांदा हे कॉलरशिवायचं अंतर रोज सकाळी एकदा, त्याच खुर्चीत बसून लिहून ठेवा. आठवड्यात ते कमी होत गेलं, म्हणजे मान जास्त वळू लागली, तर दुखणं थोडं उरलं तरी तुम्ही बरोबर चाललात. दोन आठवड्यांत ते हललंच नाही, किंवा एका बाजूचं कमी होऊन दुसऱ्या बाजूचं वाढत गेलं, तर नोंदींचा तो कागद घेऊन पुन्हा दाखवायला जा.